चिनी सुईआधी एक तपासणी

मूळव्याधीचा रुग्ण नागपुरात डॉक्टरपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. आधी घरचे ताक आणि इसबगोल होते. मग मेडिकल स्टोअरमध्ये दुसरे गिऱ्हाईक नाही हे पाहून, आवाज खाली आणून मागितलेले मलम. मग कोणाच्या तरी गावच्या वैदूची पुडी. तरी रक्त थांबले नाही, की भिंतीवर रंगवलेली ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात आराम’ ही जाहिरात आठवते. विदर्भात ज्यांना सरसकट ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतात, त्यांच्या पाटीवर मूळव्याध आणि भगंदर ही दोन नावे हमखास असतात. आता या रांगेत चिनी उपचारांचीही भर पडली आहे. कोणी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतो, कोणी कस्तुरीयुक्त चिनी मलम ऑनलाइन मागवतो. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीची पायरी तो चढतो तेव्हा बहुधा काही वर्षे उलटून गेलेली असतात.

चिनी वैद्यकाला हसण्याचे कारण नाही. ते दोन हजार वर्षे जुने आहे म्हणून डोळे मिटून मान तुकवण्याचेही कारण नाही. त्या एका नावाखाली सुई, काढा, मलम, दोरा, इंजेक्शन, शस्त्रक्रिया अशी निरनिराळी तंत्रे येतात, आणि मूळव्याधीवर त्या सगळ्यांची योग्यता सारखी नाही. प्रत्येक तंत्र वेगळे पारखावे लागते. त्याआधी, उपचार कोणत्याही देशाचा असो, रक्त नेमके कुठून येते हे कोणीतरी तपासून पाहिलेले असावे लागते. आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मूळव्याध हा बाहेरून शरीरात शिरलेला रोग नव्हे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात, आणि मलवायू रोखून धरायला त्यांची मदत होते. कुंथून कुंथून, बद्धकोष्ठाने किंवा गरोदरपणातल्या दाबाने या गाद्या सुजतात, त्यांचा आधार सैल होतो आणि त्या खाली घसरतात. पहिल्या पायरीला नुसते रक्त पडते, दुसऱ्या पायरीला मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीला बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथीला तो बाहेरच राहतो. आतल्या भागात वेदना जाणवत नाही, त्यामुळे रक्ती मूळव्याध पुष्कळदा मुळीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो.

चिनी वैद्यांनी हा रोग फार पूर्वीपासून ओळखला होता. १९७३ साली हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगतुई येथे एक थडगे उघडले गेले. ते इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. त्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते सापडली, आणि बावन्न आजारांवरील उपचारांच्या त्यांतल्या एका संग्रहात मूळव्याधीचे वेगवेगळे प्रकार सांगितलेले आहेत. त्यातली एक शस्त्रक्रिया आज वाचतानाही थक्क करते. कुत्र्याचे मूत्राशय बांबूच्या नळीवर चढवायचे, नळी गुदमार्गात सरकवायची, फुंकर मारून मूत्राशय फुगवायचे आणि अलगद बाहेर ओढायचे. सोबत आतला मोड बाहेर येतो. मग तो सुरीने हळूहळू कापायचा आणि जखमेवर औषधी मूळ लावायचे. भूल नाही, निर्जंतुकीकरण नाही, तरी आतला भाग डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्या वैद्याला कळले होते. दोन हजारांवर वर्षांनंतर नागपुरात पडद्याआड, न पाहता, अंदाजाने इंजेक्शन टोचणाऱ्यापेक्षा तो वैद्य पुष्कळ पुढे होता.

त्याच परंपरेची काळी बाजूही आहे. मोड सुकवून गळून पडावा यासाठी चीनमध्ये शतकानुशतके सोमल घातलेली भुकटी आणि सोमलाच्या बारीक काड्या वापरल्या गेल्या. मोड गळत असे, पण विष अंगात भिनून माणूसही दगावत असे. अखेर विसाव्या शतकात चिनी डॉक्टरांनीच सोमल वगळून नवे मिश्रण तयार केले. परंपरेतले काय टाकायचे हे परंपरेतल्याच लोकांनी ठरवले, आणि ते ठरवताना रुग्णांच्या नोंदी पाहिल्या.

अर्थात या रोगाने भोंदू आणि उतावळे फक्त पूर्वेतच निपजवले असे नाही. १८६९ साली डब्लिनच्या मॉर्गनने मोडात लोहक्षाराचे इंजेक्शन देऊन पाहिले. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मिचेल नावाच्या माणसाने कार्बोलिक आम्ल तेलात मिसळून टोचायला सुरुवात केली आणि कृती गुपित ठेवून ती गावोगाव फिरणाऱ्या वैदूंना विकली. हे ‘मूळव्याध डॉक्टर’ गाडीतून फिरत, पैसे घेत आणि पुढच्या गावाला जात. शिकागोचे सर्जन अँड्र्यूज यांनी ते गुपित शोधून काढले, तीन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली आणि १८७९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. कोणाला गुण आला, कोणाला गळू झाले, कोण दगावले हे त्यामुळे पहिल्यांदा उजेडात आले. बदाम तेलातल्या फिनॉलचे जे इंजेक्शन सर्जन आजही देतात, ते या फिरत्या वैदूंच्या औषधाचेच वंशज आहे. एकेकाळचे भोंदूचे औषध मोजमाप आणि नोंदी झाल्यावर पाठ्यपुस्तकात गेले.

चीनमध्येही असेच घडले, आणि चिनी उपचारांतली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे. १९७० च्या दशकात बीजिंगच्या ग्वांगआनमन रुग्णालयातील शी चाओछी यांनी ‘शियाओचीलिंग’ नावाचे इंजेक्शन तयार केले. त्यातले मुख्य घटक दोन, तुरटी आणि टॅनिक आम्ल. तुरटी आपल्याकडे दाढी झाल्यावर गालावर फिरवतात, कारण ती रक्त थांबवते आणि ऊती आवळून धरते. तुरट फळांतले आणि सालींतले टॅनिन हेच काम करते. मोडाच्या मुळाशी आणि आजूबाजूला हे मिश्रण टप्प्याटप्प्याने टोचले, की तिथे जंतुविरहित दाह होतो, तंतू तयार होतात आणि सैल झालेली गादी पुन्हा भिंतीला चिकटते. जपानने त्याच तत्त्वावरचे औषध आपल्या नियमांप्रमाणे तपासले आणि २००५ पासून ते तिथल्या रुग्णालयांत वापरात आहे. मात्र हे इंजेक्शन चुकीच्या थरात गेले तर जखम, गळू, मार्ग अरुंद होणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. म्हणून ते देणारा हात प्रशिक्षित सर्जनचाच हवा.

सुईची गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये मूळव्याधीसाठी ठरलेले काही बिंदू आहेत. माकडहाडाचे टोक आणि गुदद्वार यांच्यामध्ये ‘छांगछियांग’, पोटरीच्या मधोमध स्नायू जिथे दुभंगतो तिथे ‘छंगशान’, डोक्याच्या माथ्यावर ‘बायहुई’. सगळ्यांत नवलाचा बिंदू ‘अरबाय’. तो चक्क हातावर असतो. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी हे माप धरून मनगटाच्या घडीपासून चार अंगठे वर जायचे आणि तिथे कंडरेच्या दोन्ही बाजूंना सुया टोचायच्या. त्यामागची मांडणी अशी की मोठ्या आतड्यात दमट उष्णता उतरते, रक्त साचते, प्राणशक्ती खाली ओघळते आणि हे बिंदू तो प्रवाह पुन्हा सुरळीत करतात.

या मांडणीवर विश्वास ठेवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पुराव्याचा विचार केला तर सुईने वेदना, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरची वेदना, काहीशी कमी होते असे सांगणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या बहुतेक लहान आहेत. घसरलेली गादी सुईने वर चढते किंवा वाहणारी रक्तवाहिनी हातावरच्या टोचणीने बंद होते, हे कोणी विश्वासार्हपणे दाखवलेले नाही. दुखण्यावर दिलासा म्हणून सुई घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. रक्तस्रावाचा उपचार म्हणून ती कोणी विकत असेल, तर ते रुग्णाचे नुकसान आहे आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

काढ्यांबद्दल थोडे सावध बोलावे लागते. रक्तस्रावी मूळव्याधीवरच्या चिनी वनौषधींच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१० साली आढावा घेतला. काही औषधांनी लक्षणे कमी होत असावीत, पण चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा की ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यात निघाले. चिनी वैद्य वापरतात त्या सोफोरा झाडाच्या कळ्यांत रुटिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच कुळातल्या फ्लेव्होनॉइड गोळ्या आपले डॉक्टरही लिहून देतात. म्हणजे धागा अगदीच निराधार नाही. ऑनलाइन फिरणारे कस्तुरीचे मलम मात्र वेगळ्या वाटेने आले. वुहानच्या मायिंगलाँग या जुन्या घराण्याचे ते मूळचे डोळ्यांचे मलम. कस्तुरी, मोती, कॅलामाइन, टाकणखार, भीमसेनी कापूर असे घटक त्यात असतात. लोकांनीच ते दुसरीकडे लावून पाहिले आणि कंपनीने मूळव्याधीचे मलम काढले. खाज आणि जळजळ त्याने थंडावत असेल. पण पार्सलमधून आलेल्या डबीत नेमके काय आहे याची खात्री नागपुरातला ग्राहक कशी करून घेणार?

चीनशी नागपूरचे वैद्यकीय नाते तसे जुने आहे. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. त्याच पथकातले डॉ. चोळकर नागपूरचे होते, याची आठवण शहराने फारशी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती. कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू हे या पाचांपैकी आणखी एक. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. भारतात ही सुई रुजली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. गंमत पाहा, हे पाचही जण आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते, आणि चीनमध्ये त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले ते शस्त्र आणि टाके घेऊन. बसूंनी सुई हाती घेतली ती शरीरशास्त्र पक्के शिकून झाल्यावर.

पश्चिम बंगालने १९९६ साली अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केला. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या पद्धतीला मान्यता देऊन स्वतंत्र परिषदेची वाट मोकळी केली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानेही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून ती मान्य केली. हे चांगले झाले. नोंदणी आली की जबाबदारी येते, तक्रार कुठे करायची हे कळते. पण मान्यता मिळाली म्हणजे ती पद्धत प्रत्येक आजारावर लागू पडते असा अर्थ रुग्ण काढतात, आणि काही व्यावसायिक तो काढू देतात. खरी अडचण इथे आहे.

परंपरेतले तंत्र कसे पारखावे याचा उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, चार मार्ग सांगितले: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. क्षार लावलेल्या दोऱ्याचे, म्हणजे क्षारसूत्राचे, तंत्र पुढे बरेच मागे पडले होते. १९६० च्या दशकापासून काशी हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ते पुन्हा उभे केले. (चीनमध्येही सोळाव्या शतकातल्या ग्रंथात भगंदरात दोरा घालण्याची कृती आहे, दोन संस्कृती एकाच उपायापाशी पोचल्या.) मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भगंदराच्या पाचशेवर रुग्णांवर अनेक केंद्रांत चाचणी घेतली आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने जखम भरायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरानंतर भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात चार टक्के होते, तर शस्त्रक्रियेत अकरा टक्के. वेळ जास्त, पुनरावृत्ती कमी, असा स्वच्छ हिशेब रुग्णापुढे ठेवता आला. आयुर्वेद महाविद्यालयांच्या शल्यतंत्र विभागांत आज क्षारसूत्र आत्मविश्वासाने वापरले जाते त्याला सुश्रुताच्या नावाइतकाच या आकड्यांचा आधार आहे. मूळव्याधीवर सुई चालते असे ज्यांना वाटते त्यांनीही अशीच चाचणी करावी. नागपुरात आधुनिक आणि आयुर्वेद दोन्ही शाखांची सरकारी महाविद्यालये आहेत आणि रुग्णांची वानवा नाही.

नागपूरने या विषयात जगाला काही दिलेही आहे. सावजी रस्सा आणि तर्री पोहे खाणाऱ्या शहराला मिरची आणि मूळव्याध यांचे नाते विचारण्याचा पहिला हक्क. इटलीतल्या संशोधकांनी २००६ साली पन्नास रुग्णांना मिरचीची कॅप्सूल आणि खोटी कॅप्सूल आलटून पालटून दिली, तेव्हा मूळव्याधीच्या लक्षणांत फरक पडला नाही. पण नागपूरचे सर्जन डॉ. प्रवीण गुप्ता यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर तशीच चाचणी केली, आणि २००७ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात मिरची खाणाऱ्यांचा त्रास वाढल्याचे दिसले. तेव्हा तर्रीमुळे मूळव्याध होते असे म्हणता येत नाही, मात्र शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ती ताटाबाहेर ठेवलेली बरी. शहरातल्या एका दवाखान्यातून असा नेमका प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर जगाच्या नियतकालिकात छापले गेले, याचा अभिमान वाटायला हवा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र सुईचाही नाही आणि सुरीचाही नाही. पोट साफ राखणाऱ्या तंतुमय आहाराच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा रक्तस्रावाचा धोका सुमारे निम्म्याने उतरलेला दिसला. इसबगोल, पालेभाजी, भाकरी, पुरेसे पाणी. पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या मे महिन्यात नागपूरकरांनी पाणी भरपूर प्यावे असे सांगायची वेळ खरे तर येऊ नये. तेवढ्याने भागले नाही तर मोडाच्या मुळाशी रबरबँड बसवण्याची सोपी पद्धत आहे. तिला भूल लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते ती थोड्यांवर.

आता कळीचा मुद्दा. शौचातून पडणारे सगळे रक्त मूळव्याधीचे नसते. गुदाशयाचा कर्करोगही तसाच सुरू होतो, बरेचदा न दुखता, आणि भारतात तो तुलनेने तरुण वयातही आढळतो. मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय असो की जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, तिथवर पोचण्याआधी मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम लावणे ही या रोगाची ठरलेली कहाणी आहे. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरच्या बोटाला लागू शकते. हातमोजा, थोडे वंगण आणि एक-दोन मिनिटे. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी. मावांगतुईच्या वैद्याने बांबूच्या नळीने जे साधले, त्याला आज एवढेच लागते.

तेही होत नाही, कारण लाज. पुरुष टाळतात, बायका तर बोलतच नाहीत. बाळंतपणानंतर सुरू झालेला त्रास पंधरा-वीस वर्षे अंगावर काढलेल्या बाया विदर्भाच्या कोणत्याही सर्जनला भेटतात. रोज थोडे थोडे रक्त जाऊन त्यांचे हिमोग्लोबिन घसरते, आणि थकवा वयाच्या नावावर जातो. कपडे न काढता हातावर सुया टोचणारा उपचार अशा बाईला सोयीचा वाटला तर तिला दोष कसा द्यायचा? दोष आहे तो तिच्यासाठी दुसरी जागा न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा.

म्हणून मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे: शौचातून रक्त पडणारा रुग्ण आला, तर नोंदणीकृत डॉक्टरने गुदतपासणी केल्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय त्याला सुई लावू नये, असा लेखी नियम अ‍ॅक्युपंक्चर व्यावसायिकांसाठी करावा, आणि तो मोडणाऱ्याची नोंदणी तपासावी. भिंतीवरच्या ‘एका इंजेक्शनात’वाल्यांसाठी नवा नियम करायचीही गरज नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांवर कारवाईची तरतूद महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मध्ये आहेच, ती महापालिका आणि पोलिसांनी वापरावी. दुसरी मागणी सरकारी रुग्णालयांकडे: मेडिकल, मेयो आणि शासकीय आयुर्वेद रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, पडदा आणि महिला डॉक्टर असलेली गुदरोग ओपीडी चालवावी आणि तिचा दिवस, वेळ, खोली यांचा फलक मुख्य दाराशी मराठीत आणि हिंदीत लावावा. त्याच ओपीडीत रबरबँड व्हावे, क्षारसूत्र व्हावे, आणि ज्याला वेदनेसाठी सुई हवी असेल त्याला कागदावर तपासणीचा निकाल लिहून देऊन तिकडेही पाठवावे.